स्कायलॅबची भीती आणि लाडबोरीची कडी

आळे म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे आळेफाटा, जिथे पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्ते एकमेकांना छेदतात. आणि दुसरी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद बोलवले त्या रेड्याची समाधी. तिसरी गोष्ट खरं तर आमची नाही, शेजारच्या खोडदची आहे, पण सोयीप्रमाणे आम्ही ती आपलीच म्हणून सांगतो. तिथली ती प्रचंड रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० जाळीदार थाळ्या, त्यातल्या १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात आणि बाकीच्या तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, पंचक्रोशीतल्या शाळांच्या सहली तिथे जातात.

आज मात्र मला थोरल्या दुर्बिणीपेक्षा धाकट्या दुर्बिणींबद्दल लिहायचंय. गच्चीवर, अंगणात, शाळेच्या मैदानात उभं राहून माणसाने सोडलेल्या यानांचा माग काढणाऱ्या हौशी लोकांबद्दल. खोडद ओघात येईलच.

या विषयाचं वेड मला लागलं ते स्कायलॅबमुळे. चाळिशी-पन्नाशी पार केलेल्यांना वेगळं सांगायला नको, धाकट्यांसाठी सांगतो. स्कायलॅब ही अमेरिकेची पहिली अवकाश प्रयोगशाळा. मे १९७३ मध्ये वर गेली, तीन तुकड्या तिच्यात राहून आल्या आणि फेब्रुवारी १९७४ पासून ती रिकामीच फिरत होती. वजन सुमारे ७७ टन. ती खाली येणार, हे १९७९ च्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कुठे येणार, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी तेव्हा दहा वर्षांचा. आषाढी एकादशी नुकतीच होऊन गेलेली, बाजरीची पेरणी उरकलेली. गावात पुण्याचा पेपर यायचा तो पारावर मोठ्याने वाचला जायचा आणि पेपरात जे नसेल ते ऐकणारे आपल्या पदरचं घालायचे. आमच्या एका चुलत्यांनी घरच्या कोंबड्या एकामागून एक कापायला घेतल्या. "मरायचंच हाये तर खाऊन मरू" असा त्यांचा सरळ हिशोब. आजी मात्र उलट्या विचाराची. ती म्हणायची, "आरं, पडायचं तर पडंल, पण कुठं त्ये सांगाया एकबी माणूस न्हाई का एवढ्या मोठ्या मुलकात?"

अशा गोष्टी देशभर घडत होत्या, आमचं गाव काही जगावेगळं नव्हतं. ११ जुलैच्या रात्री, आपल्याकडे दहाच्या सुमारास, स्कायलॅब हिंदी महासागरावर फुटली आणि तिचे उरलेसुरले तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्पेरन्स गावाच्या परिसरात पडले. कुणालाही इजा झाली नाही. (तिथल्या स्थानिक कौन्सिलने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला होता, गमतीत. आमच्या ग्रामपंचायतीला हे कळलं असतं तर आवडलं असतं.) चुलत्यांकडे तेवढ्या कोंबड्या उरल्या नाहीत.

आजीचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. सांगायला एकही माणूस नव्हता का? पुढे नोकरीच्या निमित्ताने पुण्यात आलो, वाचायला लागलो, तेव्हा कळलं की अशी माणसं होती. हजारोंनी होती. आणि त्यांचं काम स्कायलॅब पडायच्या चारच वर्षं आधी गुंडाळलं गेलं होतं.

ही गोष्ट १९५६ पासूनची. अमेरिकेत केंब्रिजला स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळा होती, तिचे संचालक फ्रेड व्हिपल. कृत्रिम उपग्रह लवकरच सोडले जाणार, हे ठरलेलं होतं. व्हिपलना प्रश्न पडला की सोडल्यावर तो सापडायचा कसा? त्यासाठी खास कॅमेरे बनत होते, पण कॅमेरा कुठे रोखायचा हे आधी कुणीतरी सांगायला हवं ना! मग त्यांनी सामान्य माणसांना हाक घातली. शाळकरी पोरं, मास्तर, गृहिणी, दुकानदार, कुणीही. योजनेचं नाव ऑपरेशन मूनवॉच. अनेक जाणत्यांनी नाकं मुरडली. हौशी लोकांचं काम ते, त्याला विचारतो कोण!

त्यांची पद्धत इतकी साधी की आपल्याकडे कुठल्याही गावात जमावी. हाताच्या लांबीपेक्षा लहान दुर्बीण, समोरचं भिंग जेमतेम दोन इंचांचं, पण एका वेळी आकाशाचा मोठा तुकडा दिसेल अशी. समोर एक आरसा, म्हणजे मान वर न करता टेबलाशी बसून खाली बघायचं. असे दहा-पंधराजण उत्तर-दक्षिण रांगेत बसायचे आणि प्रत्येकाने आपापला तुकडा सांभाळायचा. तुकडे एकमेकांवर थोडे चढवलेले, म्हणजे मधून काही निसटायला नको. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसतात ना, तसंच. पाखरू कुणाच्या ना कुणाच्या वाट्यात येणारच. मधोमध एक उंच खांब, त्याला आडवी दांडी. ठिपका त्या रेषेवरून गेला की ओरडायचं. टेपरेकॉर्डरवर एकीकडे रेडिओवरचे वेळेचे ठोके आणि दुसरीकडे हे ओरडणं, दोन्ही मुद्रित व्हायचं.

यात खरी गोम वेळेची आहे. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास धावतो. बटण दाबायला सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला, तर तो पाऊण किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून नुसतं दिसणं पुरत नाही, नेमक्या कुठल्या क्षणी कुठल्या ताऱ्यांच्या मधून गेला हे सांगावं लागतं. दिसायची वेळही ठरलेली. सूर्य मावळल्यानंतर थोडा वेळ किंवा उगवण्याआधी थोडा वेळ, जेव्हा आपण अंधारात असतो आणि वरच्या यानावर अजून ऊन असतं.

४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि मूनवॉचवाल्यांची तारांबळ उडाली, कारण सगळी तयारी अमेरिकन उपग्रहासाठी चालली होती. तरी चार दिवसांत ऑस्ट्रेलियातून पहिल्या नोंदी आल्या. खरं तर लोकांनी नुसत्या डोळ्यांनी जो पाहिला तो बहुतेक स्पुटनिक नव्हताच, त्याच्याबरोबर कक्षेत गेलेला रॉकेटचा मोठा भाग होता. स्पुटनिकचा गोळा दोन फुटांहूनही लहान, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा. पण कक्षा दोघांची जवळपास एकच. त्यामुळे चोर नाही तर चोराचा बैल सापडला, असं झालं.

मग पुढचं काम बेकर-नन कॅमेऱ्यांचं. जगभरात १२ ठिकाणी हे अवजड कॅमेरे बसवले गेले आणि त्यातला एक आपल्या देशात, नैनितालच्या वेधशाळेत. तिथे तेव्हा वेणू बाप्पू होते, पुढे कावलूर उभं करणारे. हौशी लोकांच्या नोंदींवरून अंदाज निघायचा आणि त्या अंदाजावर नैनितालचा कॅमेरा वळायचा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून होती, म्हणजे आपल्याकडेही आकाश बघणाऱ्या हौशी मंडळींची परंपरा स्पुटनिकच्या आधीची आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

या सगळ्यातून निघालं काय? बरंच निघालं. उपग्रह कसा कसा खाली येतो हे वर्षानुवर्षं मोजल्यावर कळलं की वरची विरळ हवा स्थिर नसते. सूर्य जास्त तापला की ती फुगते आणि उपग्रहाला मागे ओढते. स्मिथसोनियनमध्येच लुइजी याकिया यांनी या नोंदींवरून त्या हवेची कोष्टकं मांडली. इंग्लंडमध्ये डेस्मंड किंग-हेली यांनी बायनॉक्युलर आणि स्टॉपवॉच घेऊन बसणाऱ्या स्वयंसेवकांच्या आकड्यांवरून पृथ्वीचा आकार काढला. नुसती चपटी नाही, किंचित नासपतीसारखी, उत्तर ध्रुव दक्षिण ध्रुवापेक्षा विषुववृत्तापासून सुमारे ४५ मीटर जास्त लांब. घराच्या अंगणात बसून पृथ्वीचा आकार मोजायचा! मला तरी याहून मोठी चैन माहीत नाही.

आणि स्कायलॅब अपेक्षेपेक्षा लवकर पडली ती का? सूर्य तापला, हवा फुगली, म्हणून. म्हणजे ती का पडतेय याचं उत्तर ज्या लोकांच्या नोंदींतून आलं होतं, त्यांची योजना १९७५ मध्ये बंद झालेली होती. लष्कराकडे रडार आलं होतं, हौशी डोळ्यांची गरज उरली नव्हती, असा तो हिशोब. हिशोब चूक होता असं मी म्हणणार नाही. रडारने माग नीट लागत होता. पण रडारचं उत्तर रडारवाल्याला कळतं, पारावर बसलेल्याला नाही. स्कायलॅबचा तुकडा जगात कुणाला तरी लागण्याची शक्यता नासाने १५२ मध्ये १ अशी सांगितली होती. आमच्या चुलत्यांना त्या आकड्याने काय दिलासा मिळणार होता? मूनवॉचच्या काळात अमेरिकेतल्या एखाद्या गावातल्या लोकांना निदान हे ठाऊक असायचं की आपल्या शाळेच्या गच्चीवर आपलेच मास्तर बसलेत. सप्टेंबर १९६२ मध्ये रशियन स्पुटनिक-४ विस्कॉन्सिनवर जळत आला तो मिलवॉकीच्या मूनवॉच गटाने पाहिला, आणि त्याचा नऊ किलोंचा तुकडा मॅनिटोवॉक गावच्या रस्त्यात रुतलेला सापडला. पोलिसांना आधी ते कुठल्या तरी ओतकामाच्या कारखान्यातलं भंगार वाटलं होतं.

योजना बंद झाली, माणसं थांबली नाहीत. इंग्लंडमध्ये केटरिंगच्या शाळेत जेफ्री पेरी या मास्तरांनी पोरांना घेऊन रेडिओवर रशियन उपग्रह ऐकले आणि १९६६ मध्ये प्लेसेत्स्कचा गुप्त प्रक्षेपण तळ हुडकला. रशियाने तो तळ असल्याचं कबूल केलं ते १९८३ मध्ये. एडिंबरोच्या रसेल एबर्स्ट यांनी बायनॉक्युलरने लाखाहून जास्त नोंदी केल्या. २०१० मध्ये अमेरिकेने एक्स-३७बी हे छोटं विनावैमानिक यान गुपचूप सोडलं, तर महिनाभरात केपटाऊन, कॅनडा असे ठिकठिकाणचे हौशी लोक त्याची कक्षा मांडून मोकळे झाले. गुप्त यान कितीही गुप्त असलं तरी त्याच्यावर ऊन पडतंच.

आता खोडद. १९ ऑक्टोबर २०१६ ची रात्र, आठ ते साडेआठची वेळ. युरोपचं स्कियापरेली नावाचं छोटं यान मंगळावर उतरत होतं. त्या वेळी मंगळ नेमका आपल्या आकाशात होता, नैऋत्येला, धनु राशीत. उतरताना ते यान कमी शक्तीचा एक रेडिओ संदेश सोडत होतं, मंगळाभोवतीच्या यानांनी ऐकावा म्हणून. तो पृथ्वीवर थेट ऐकू येईल का? खोडदच्या थाळ्यांनी तो ऐकला. गाडी जवळ येताना आणि लांब जाताना हॉर्नचा सूर बदलतो, हे आळेफाट्यावर उभ्या राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तसंच यानाचा वेग बदलला की त्याच्या संदेशाची कंप्रता सरकते, आणि त्या सरकण्यावरून वातावरणात शिरलं कधी, हवाई छत्री उघडली कधी, हे कळतं. हे सगळं खोडदला दिसलं. आणि मग, उतरायला मिनिटभराच्या आत उरलेलं असताना, रेघ तुटली. पुढे चौकशीत निघालं की एका उपकरणाच्या गोंधळाने यानाच्या संगणकाने आपली उंची शून्याच्या खाली धरली. जमिनीवर पोहोचलो असं समजून त्याने छत्री सोडून दिली, तेव्हा ते ३.७ किलोमीटर वर होतं. मंगळावर काय घडलं त्याची पहिली चाहूल आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या शेतांमध्ये लागली, आणि मी त्या रात्री पुण्यात टीव्हीवर कुठलीशी मालिका बघत होतो!

जीएमआरटी काही हौशी नाही, हे मान्य. पण तीनच वर्षांनी तीच रेघ हौशी लोकांनी काढली, आणि ती आपल्या यानाची होती. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे विक्रम चंद्रावर उतरत होता. नेदरलँड्समध्ये ड्विंगेलो इथे १९५६ सालची २५ मीटरची जुनी रेडिओ दुर्बीण आहे. व्यावसायिक काम संपल्यावर ती मोडीत निघाली असती, पण हौशी मंडळींनी दुरुस्त करून ती चालती ठेवली. त्या रात्री तिथून विक्रमचा संदेश ऐकून सेस बासा यांनी आलेख जगासमोर ठेवला. रेघ सरळ, मग वळण, आणि आपल्या १ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास काहीच नाही. आपण सगळे बेंगळुरूच्या पडद्याकडे बघत बसलो होतो, तिथल्या शास्त्रज्ञांचे चेहरे वाचायचा प्रयत्न करत. त्याच वेळी कुणीही उघडून बघावा असा तो आलेख समोर होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. वाईट बातमी ज्याची त्याला स्वतः वाचता यावी.

असंच मिशन शक्तीचं. मार्च २०१९ मध्ये आपण स्वतःचाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. तुकडे ४५ दिवसांत खाली येतील असं अधिकृतपणे सांगितलं गेलं. लायडनच्या मार्को लँगब्रूक या हौशी निरीक्षकाने उघड उपलब्ध आकडे घेऊन दाखवलं की काही तुकडे बरेच वर फेकले गेलेत. ते वर्षाहून जास्त काळ फिरत राहिले. हे लिहिल्यावर काही नातेवाईक मला देशद्रोही म्हणतील, पण आकडा आकडाच असतो.

आणि आता लाडबोरी. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात, खानदेशात लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाच्या मोकळ्या जागेत तीनेक मीटर व्यासाची धातूची कडी पडली. आसपास धातूचे गोळेही सापडले. १९७९ च्या मानाने भीती जास्त वाटायला हवी, कारण या वेळी खरंच गावात पडलं होतं! पण त्याच रात्री मोबाईलवर उत्तरं फिरायला लागली. सुरुवातीला काहींनी न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या रॉकेटचं नाव घेतलं. पण कक्षा आणि वेळ जुळवून बघणाऱ्यांनी लगेच सांगितलं, हा चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. ही जुळणी करणाऱ्यांत जोनाथन मॅकडॉवेल होते. तेव्हा ते काम करायचे केंब्रिजच्या त्याच स्मिथसोनियनमध्ये, जिथून व्हिपलनी मूनवॉच चालवलं होतं.

लाडबोरीत कुणी कोंबड्या कापल्या का, मी विचारलेलं नाही.

आता या दिवाळीत गावी येणाऱ्या सगळ्या भाचरांसाठी. आयुकातल्या कार्यशाळेत कुणीकुणी स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवून आणली असेल तर उत्तमच, नसेल तर साधा दहा-पन्नासचा बायनॉक्युलर पुरतो. अवकाश स्थानक कधी दिसणार ते मोबाईलवर सापडतं, आपलं गाव १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पण सोप्यावर थांबू नका. एखादा फिका, नाव माहीत नसलेला ठिपका पकडा. तो कुठल्या दोन ताऱ्यांच्या मधून गेला, कुणाच्या जास्त जवळून गेला, आणि नेमक्या किती वाजता, एवढं वहीत लिहा. एकाने बघायचं, दुसऱ्याने स्टॉपवॉच धरायचं, भांडायचं नाही. घड्याळ आधी सेकंदाला जुळवून घ्या. आणि दादा, गच्चीवरचा तो नवा एलईडीचा दिवा तेवढा संध्याकाळी सहा ते आठ बंद ठेवा, म्हणजे झालं.